उपमा आणि रूपक : सीमाभागाचे सामाईक धन

१९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला; १९५६ साली बेळगाव-निपाणीचा मुलूख मात्र म्हैसूर राज्यात गेला. हा वाद अद्याप मिटलेला नाही. तरीही मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या व्याकरणात उपमा व रूपक हीच नावे आढळतात, कारण दोहोंचे मूळ संस्कृत काव्यशास्त्रात आहे. कावेरी ते गोदावरी असा कन्नड देश वर्णिणारा नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ हा मुळात अलंकारग्रंथच असून, तो बऱ्याच अंशी दंडीच्या ‘काव्यादर्शा’वर आधारलेला आहे. ‘मुख चंद्रासारखे’ ही उपमा. ‘मुखचंद्र’ हे रूपक. रूपकात दोन वस्तू एकरूप होतात; उपमेत साम्य असूनही त्या वेगळ्या राहतात. शेजारी भाषांचे नाते हे असे उपमेचे असते.