रंजकद्रव्य उद्योगातील मूत्राशय कर्करोग

रंजकद्रव्य उद्योगातील मूत्राशय कर्करोग : कृत्रिम रंजकद्रव्ये व त्यांच्यासाठी लागणारे मध्यस्थ पदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना, काही ॲरोमॅटिक अमाइनांशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे होणारा व्यवसायजन्य रोग. ज्यांचे कारण संशोधनाने निःसंशय ठरले आणि ते कारण दूर करून ज्यांना मोठ्या प्रमाणावर आळा घालता आला, अशा रासायनिक उद्योगातील मोजक्या रोगांत याची गणना होते. तथापि या रोगाची पहिली नोंद (१८९५) आणि कारणीभूत पदार्थांवर ब्रिटनमध्ये घातली गेलेली कायदेशीर बंदी (१९६७) यांमध्ये ७२ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर का पडले, हाच या रोगाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

पार्श्वभूमी : रोग व व्यवसाय यांच्या संबंधाचा पद्धतशीर विचार इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी (१६३३–१७१४) यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रथम आढळतो. रोग्याची चौकशी करताना त्याचा व्यवसायही विचारावा, असा दंडक त्यांनी घालून दिला. १७७५ मध्ये इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कर्करोग बाह्य पदार्थामुळे होऊ शकतो, हे यावरून सूचित झाले. मात्र पुढील शतकभर या सूचनेचा फारसा विस्तार झाला नाही.

१८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने अशुद्ध ॲनिलिनापासून जांभळे रंजकद्रव्य मिळविले. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग बनविण्याचा नवा उद्योग त्यातून उभा राहिला. तीन वर्षांनी फ्रान्समध्ये फुक्सिन (मॅजेंटा) हे तांबडे रंजकद्रव्य तयार झाले. उद्योगाचे केंद्र लवकरच जर्मनीकडे सरकले आणि फ्रँकफुर्टजवळील होक्स्ट व ऱ्हाइनकाठचे लूटव्हिक्सहाफेन येथे मोठे कारखाने निघाले. त्यांतील कामगारांचा ॲनिलीन, नॅप्थिलअमाइन व बेंझिडीन यांच्याशी रोजचा संबंध येई. तीव्र विषबाधेची लक्षणे, उदा., ओठ व नखे निळसर होणे, लगेच दिसत व कारखान्याच्या वैद्यांना ती परिचित होती. वर्षानुवर्षांनी उद्भवणाऱ्या परिणामाची मात्र कोणालाच कल्पना नव्हती.

पहिली नोंद : फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लूटव्हिक रेन (१८४९–१९३०) यांनी १८९५ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत एक निबंध वाचला. फुक्सिन तयार करणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाची अर्बुदे झाल्याचे त्यांनी त्यात दाखवून दिले. सर्वसाधारण लोकांत हा रोग विरळ असल्याने इतक्या छोट्या गटात तीन रोगी आढळणे हा योगायोग मानता येत नव्हता. हे कामगार पंधरा वर्षांहून अधिक काळ याच कामावर होते. रेन यांनी दोष ॲनिलिनाच्या वाफांना दिला आणि ‘ॲनिलीन कर्करोग’ हे नाव रूढ झाले.

नोंद अचूक होती, पण नाव दिशाभूल करणारे ठरले. लक्ष ॲनिलिनावर खिळून राहिले आणि त्याच्या बरोबरीने हाताळल्या जाणाऱ्या इतर अमाइनांकडे दुर्लक्ष झाले. पुढे जर्मनी व स्वित्झर्लंडमधील कारखान्यांतून अधिक रोग्यांची माहिती जमा झाली. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २-नॅप्थिलअमाइन (बीटा-नॅप्थिलअमाइन) व बेंझिडीन यांच्यावर बोट ठेवलेले होते व कामगारांचा त्यांच्याशी येणारा संपर्क टाळण्याची निकड मांडलेली होती.

उद्योगाचा प्रसार व प्रायोगिक पुरावा : पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांचा पुरवठा थांबल्याने ब्रिटन व अमेरिकेने स्वतःचे कारखाने उभारले. उत्पादनाच्या पद्धती तेथे आल्या, त्यांच्याबरोबर रोगही आला. पण युरोपातील अनुभवाची दखल मात्र पुरेशी घेतली गेली नाही. न्यू जर्सीमधील ड्यू पाँट कंपनीच्या कारखान्यात १९३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत मूत्राशय कर्करोगाचे रोगी आढळू लागले. त्या कंपनीच्या विषविज्ञान प्रयोगशाळेत काम करणारे विल्हेल्म ह्यूपर व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांना २-नॅप्थिलअमाइन दिले, तेव्हा १६ पैकी १३ कुत्र्यांना मूत्राशयाची अर्बुदे झाली. त्यापूर्वी लहान प्राण्यांवरील प्रयोगांतून असा स्पष्ट निष्कर्ष निघाला नव्हता. ह्यूपर यांना १९३७ मध्ये कंपनीने कामावरून दूर केले. शोधनिबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरावा हाती आल्यानंतरही या पदार्थाचे उत्पादन त्या कारखान्यात १९५० नंतरच्या दशकापर्यंत चालू राहिले.

ब्रिटनमधील सांख्यिकीय अन्वेषण : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश रासायनिक उत्पादकांच्या संघटनेने या प्रश्नाचे अन्वेषण रॉबर्ट केस यांच्याकडे सोपविले. केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ कंपन्यांच्या हजेरीपटांवरून व नोंदींवरून किमान सहा महिने काम केलेल्या ४,६२२ पुरुष कामगारांची यादी तयार केली. मूत्राशयाच्या अर्बुदाचा उल्लेख असलेली मृत्यूची प्रमाणपत्रे शोधून त्यांची संख्या राष्ट्रीय मृत्युमानावरून अपेक्षित असलेल्या संख्येशी ताडून पाहण्यात आली. ज्यांचा संपर्क केवळ २-नॅप्थिलअमाइनाशी आला होता, अशांत ०·३ मृत्यू अपेक्षित असताना २६ आढळले, म्हणजे प्रमाण सु. ८७ पट होते. बेंझिडिनाच्या बाबतीत ते सु. १४ पट भरले. १-नॅप्थिलअमाइन हाताळणाऱ्यांतही वाढ दिसली. पण बाजारी मालात २-नॅप्थिलअमाइनाची भेसळ असल्याने त्याचा स्वतंत्र दोष ठरविता आला नाही. ज्या ॲनिलिनाचे नाव या रोगाला पडले होते, त्याच्याविरुद्ध मात्र पुरावा मिळाला नाही. हे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अन्वेषणातून एक अनपेक्षित गोष्टही बाहेर आली. तुलनेसाठी बर्मिंगहॅममधील रुग्णालयांच्या नोंदी पाहताना मूत्राशय कर्करोगाच्या रोग्यांत रबर कामगारांचे प्रमाण अधिक असल्याचे केस यांच्या लक्षात आले. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या एका रसायनात २-नॅप्थिलअमाइन अल्प प्रमाणात शिल्लक राहत होते. ते १९४९ मध्येच बाजारातून काढून घेण्यात आले होते; पण आधी संपर्कात आलेल्यांना रोग होतच राहिला. अशा कामगारांच्या दाव्यात १९७२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने धोक्याची पूर्वसूचना न देणाऱ्या रसायन उत्पादकाचे उत्तरदायित्व कायम केले.

रोगाची प्रक्रिया : ही अमाइने श्वासावाटे तशीच त्वचेतूनही शरीरात शिरतात, त्यामुळे नाकातोंडावरील मुखवटा एकटा पुरा पडत नाही. २-नॅप्थिलअमाइनाचे यकृतातील एंझाइमांमुळे अधिक क्रियाशील संयुगांत रूपांतर होते. ही संयुगे मूत्रावाटे मूत्राशयात येतात व त्याच्या अस्तरातील कोशिकांच्या डीएनएशी जोडली जातात. मूत्र साठून राहण्याची जागा हीच असल्याने आघात तेथे होतो. संपर्काचा प्रारंभ व रोगाचे निदान यांमधील काळ सरासरीने सु. १८ वर्षांचा असतो व कित्येकदा तो याहून पुष्कळ लांबतो. दरम्यान कामगाराने नोकरी बदललेली असते, तो निवृत्त होतो अथवा गावी परततो. म्हणूनच कारखान्याच्या दवाखान्यातील नोंदीत हा रोग क्वचितच दिसतो. २-नॅप्थिलअमाइन व ४-अमिनोबायफिनिल तंबाखूच्या धुरातही असतात. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्या कामगाराचा रोग व्यवसायजन्य म्हणून ओळखला जाणे आणखी अवघड होते. [⟶ कर्करोग, व्यवसायजन्य रोग].

प्रतिबंध : प्रारंभी वायुवीजन, स्नानगृहे, कपडे बदलण्याची सोय व हातमोजे यांवर भर होता. त्यांनी संपर्क घटला, पण रोग थांबला नाही. खरा परिणाम झाला तो पदार्थच उत्पादनातून काढून टाकल्याने. ब्रिटनमध्ये २-नॅप्थिलअमाइनाचे उत्पादन १९४९ मध्ये बंद झाले. ज्या रंजकद्रव्यांसाठी ते लागे, त्यांपैकी अनेक टोबियास अम्लापासून बनविता येतात आणि हे अम्ल २-नॅप्थिलअमाइन न वापरता तयार करता येते. १९५३ मध्ये हा रोग ब्रिटनमधील नुकसानभरपाईस पात्र औद्योगिक रोगांच्या यादीत आला. १९६७ च्या विनियमांनी २-नॅप्थिलअमाइन, बेंझिडीन, ४-अमिनोबायफिनिल व ४-नायट्रोबायफिनिल यांच्यावर बंदी घातली. जपानने १९७२ मध्ये बंदी घातली, तर अमेरिकेत १९७४ मध्ये कडक निर्बंध आले.

पूर्वी संपर्कात आलेल्यांसाठी मूत्रातील कोशिकांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा उपयोग होतो. ही पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ व व्हिक्टर मार्शल यांनी १९४५ मध्ये मांडली. तिने रोग टळत नाही, तो लवकर कळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७४ च्या व्यवसायजन्य कर्करोगविषयक करारात नोकरीच्या काळात व त्यानंतरही वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. ‘त्यानंतरही’ हा शब्द दीर्घ सुप्तकालामुळेच आवश्यक ठरला.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्योत्तर काळात रंजकद्रव्य उद्योग मुख्यत्वे गुजरात व महाराष्ट्रात वाढला. मोठ्या कारखान्यांबरोबर लघुउद्योगांची संख्याही मोठी होती. अहमदाबाद येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व १९७० पासून राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील संशोधकांना १९८० नंतरच्या दशकात लघुउद्योगांतील कामगारांच्या मूत्रात बेंझिडीन व त्यापासून शरीरात बनलेली संयुगे आढळली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय–अमेरिकन संशोधनात अहमदाबादमधील अशा ३३ कामगारांच्या मूत्राशयातील कोशिकांची तपासणी करून डीएनएवरील आघाताचा प्रत्यक्ष पुरावा देण्यात आला. ब्रिटनमध्ये उत्पादन थांबून तोपर्यंत तीन दशके उलटली होती. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली बेंझिडिनावर आधारित रंजकद्रव्यांच्या हाताळणीस भारतात १९९० नंतरच्या दशकात बंदी करण्यात आली.

भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) कारखाना अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांस देणे, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि काम सोडल्यानंतरही ठराविक मुदतीने तपासणी करणे ही बंधने तीत घालण्यात आली. कंत्राटी व वरचेवर कारखाना बदलणाऱ्या मजुरांच्या बाबतीत मात्र ज्या नोंदींवर केस यांचे अन्वेषण उभे होते, तशा नोंदीच बहुधा नसतात. नोंद नसेल, तर रोग असूनही तो सिद्ध होत नाही आणि भरपाईचा हक्क कागदावरच राहतो.

निष्कर्ष : हा विषय पूर्ण झालेला नाही. ऑर्थो-टोल्युइडीन या अमाइनामुळे मानवास मूत्राशयाचा कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. जपानमधील एका रासायनिक कारखान्यात त्याच्या संपर्कातील कामगारांत २०१५ च्या सुमारास रोगी आढळले. १९५४ मध्ये दोषमुक्त वाटलेल्या ॲनिलिनाची गणनाही २०२० मध्ये संभवतः कर्करोगकारक पदार्थांत झाली. पुरावा नसणे व धोका नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. १८९५ ते १९५४ या काळात वैद्यकाला जे कळले, ते कामगारांच्या रोगांवरून व मृत्यूंवरून कळले. ते ज्ञान उपयोगात आणण्यास लागलेला विलंब अज्ञानामुळे थोडा, व उत्पादन चालू ठेवण्याच्या इच्छेमुळे अधिक झाला. नव्या रसायनाची परीक्षा कामगाराच्या शरीरावर होण्यापूर्वी प्रयोगशाळेत होणे, संपर्काची नोंद कामगाराबरोबर आयुष्यभर राहणे आणि धोका दिसताच पर्यायी पदार्थ स्वीकारणे, या तीन गोष्टींवर या रोगाचा प्रतिबंध अवलंबून आहे.