क्विक (प्रोटोकॉल)

क्विक हा आंतरजालावर माहितीच्या वहनासाठी वापरला जाणारा प्रोटोकॉल आहे. संपर्क जोडण्यास लागणारा विलंब कमी करणे हा त्याचा मुख्य उद्देश असून तो यूडीपी या साध्या प्रोटोकॉलवर आधारलेला आहे. एचटीटीपी/३ क्विकवरच चालते.

इतिहास
क्विकची मूळ रचना २०१२ मध्ये गूगलमधील जिम रॉस्किंड यांनी केली. मे २०२१ मध्ये आयईटीएफ या संस्थेने आरएफसी ९००० या दस्तऐवजाद्वारे त्याला प्रमाणित रूप दिले.

विलंबाचे कारण
काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी अंतर कापतो. नवी मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किमी असल्याने संदेशाच्या जाण्यायेण्याच्या एका फेरीस किमान ७२ मिलिसेकंद लागतात. समुद्री केबलचा मार्ग वळणाचा असल्याने प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो. बँडविड्थ वाढवून हा काळ घटत नाही. त्यावर दोन उपाय आहेत : सर्व्हर जवळ आणणे किंवा फेऱ्यांची संख्या कमी करणे. ऐरोली, रबाळे व महापे येथील डेटा सेंटरांमुळे पहिला उपाय साधतो, तर क्विक हा दुसरा उपाय आहे.

कार्यपद्धती
टीसीपीचा संपर्क जुळण्यास एक फेरी लागते. त्यानंतर कूटबद्धतेसाठी टीएलएस १.२ मध्ये दोन, तर टीएलएस १.३ मध्ये एक फेरी लागते. क्विक ही दोन्ही कामे एकाच फेरीत करतो. त्यामुळे वरील उदाहरणात पहिली मागणी पाठवण्यापूर्वीची प्रतीक्षा टीसीपी व टीएलएस १.२ यांच्या किमान २१६ मिलिसेकंदांवरून ७२ पर्यंत येते. पूर्वी संपर्क झालेल्या सर्व्हरला पहिल्याच संदेशासोबत मागणी पाठवता येते.

टीसीपीमध्ये एक पॅकेट हरवल्यास त्यामागील सर्व माहिती अडून राहते. क्विकमध्ये माहितीचे अनेक स्वतंत्र प्रवाह असतात. ज्या प्रवाहातील पॅकेट हरवले तेवढाच प्रवाह थांबतो.

टीसीपीचा संपर्क आयपी पत्त्याशी बांधलेला असतो. क्विकमध्ये त्यासाठी स्वतंत्र संपर्क-क्रमांक असतो. त्यामुळे वाशीतील कार्यालयाच्या वाय-फायमधून बाहेर पडून फोन मोबाइल नेटवर्कवर गेला, तरी चालू संपर्क पुढे सुरू राहू शकतो.

मर्यादा
पहिल्याच संदेशासोबत गेलेली मागणी मध्येच टिपून कोणी पुन्हा पाठवू शकतो. म्हणून पैसे हस्तांतरित करण्यासारखे व्यवहार या पद्धतीने स्वीकारणे सुरक्षित नसते. काही संस्थांच्या फायरवॉल यूडीपी अडवतात. अशा वेळी ब्राउझर टीसीपीचा आधार घेतात.