रा. चिं. ढेरे : दैवतेतिहासाची लोककेंद्री मीमांसा

रामचंद्र चिंतामण ढेरे (१९३०–२०१६) यांनी दैवताचा इतिहास हा त्याच्या उपासक-समूहांचाही इतिहास मानला. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात त्यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले आणि त्याच्या वैष्णवीकरणाची प्रक्रिया उलगडली. या ग्रंथास १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. संस्कृत स्थलमाहात्म्ये त्यांनी प्रमाण मानली नाहीत, तशी त्याज्यही ठरविली नाहीत. त्यांतील विसंगतींतून उन्नयनाच्या ओघात झाकले गेलेले लोकस्तर वाचले आणि लोककथा, विधी व मूर्तिविशेष यांच्याशी ते ताडून पाहिले. श्रद्धावंताला अशी चिकित्सा दैवताचे अवमूल्यन वाटू शकते. परंतु ढेरे यांच्या विवेचनात देवाचे माहात्म्य उणावत नाही आणि त्याला प्रथम भजणाऱ्या पशुपालकांना धर्मेतिहासातील त्यांचे स्थान परत मिळते.