विश यू वेअर हिअर

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा नववा स्टुडिओ अल्बम. इंग्लंडमध्ये ‘हार्वेस्ट’ कंपनीने तो १२ सप्टेंबर १९७५ रोजी प्रसिद्ध केला. अमेरिकेत तो ‘कोलंबिया’ने आणला. गाणी पाच, एकूण लांबी सुमारे ४४ मिनिटे. बँडचा पहिला गायक, गिटारवादक व गीतकार सिड बॅरेट याच्यासाठी केलेला अल्बम म्हणून तो ओळखला जातो. याला श्रद्धांजली म्हणण्याची चूक वारंवार होते. बॅरेट तेव्हा हयात होता, अवघा एकोणतीस वर्षांचा होता आणि ज्यांनी त्याला बँडबाहेर काढले तेच त्याच्याबद्दल गात होते. या अल्बमचे सगळे वजन या वस्तुस्थितीत आहे.

रॉजर कीथ बॅरेट (६ जानेवारी १९४६ – ७ जुलै २००६) हा केंब्रिजचा. पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावे जोडून बँडचे नाव त्यानेच बनवले. ‘आर्नल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ ही १९६७ मधील गाजलेली गाणी त्याची. त्याच वर्षी आलेल्या ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणीही त्याचीच. त्या वर्षाच्या अखेरीस मात्र तो हाताबाहेर जाऊ लागला. एलएसडीचे सेवन, अचानक आलेली प्रसिद्धी, कार्यक्रमांची दगदग आणि मनाची मोडतोड यांतले कारण कोणते व परिणाम कोणता, हे आज वेगळे काढता येत नाही. मंचावर तो गिटार हातात घेऊन नुसता उभा राही किंवा एकच सूर छेडत बसे. त्याला आधार म्हणून केंब्रिजचाच मित्र डेव्हिड गिलमर याला बँडमध्ये घेतले. जानेवारी १९६८ च्या अखेरीस साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना, वाटेत सिडला घ्यायचेच नाही असे बाकीच्यांनी ठरवले. एप्रिलमध्ये त्याचे बाहेर पडणे जाहीर झाले. १९७० मध्ये त्याचे स्वतःचे दोन अल्बम आले. त्यांच्या ध्वनिमुद्रणात गिलमर आणि बँडमधले जुने सोबती रॉजर वॉटर्स व रिचर्ड राइट यांनी हातभार लावला.

मार्च १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’ने बँडला अफाट यश दिले आणि पुढे काय करायचे हा प्रश्नही दिला. वाद्ये बाजूला ठेवून घरगुती वस्तूंमधून संगीत करण्याचा एक प्रयोग त्यांनी सुरू केला आणि सोडून दिला. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवर बोट फिरवून काढलेले त्यातले स्वर या अल्बमच्या आरंभी ऐकू येतात. १९७४ च्या सुरुवातीला तालमीत गिलमरच्या गिटारमधून चार स्वरांचा एक तुकडा निघाला. त्या उदास तुकड्याने वॉटर्सला बॅरेटची आठवण करून दिली व ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची, सुमारे २६ मिनिटांची रचना आकाराला आली. ती अखंड तबकडीच्या एका बाजूवर ठेवून सोबत आणखी दोन तयार गाणी घ्यावीत, असे गिलमरचे मत होते. वॉटर्सने ती रचना दुभंगून अल्बमच्या दोन टोकांना ठेवण्याचा व मधे नवी गाणी घालण्याचा आग्रह धरला. तो योग्यच होता. वगळलेली दोन गाणी पुढे बदललेल्या रूपात ‘ॲनिमल्स’ (१९७७) मध्ये आली.

‘शाइन ऑन’मध्ये पहिला मानवी आवाज येतो तो तब्बल आठ मिनिटांनंतर. रागाची बढत ऐकायची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला हा धीमेपणा परका वाटू नये. चार स्वर आधी एकटे येतात, थांबतात, मग त्यांच्याभोवती बाकीचा बँड गोळा होतो. मधल्या गाण्यांपैकी ‘वेलकम टू द मशीन’ आणि ‘हॅव अ सिगार’ ही संगीतधंद्यावरची कडवट गाणी आहेत. दुसरे गाणे शेजारच्या स्टुडिओत काम करत असलेल्या रॉय हार्परने गायले आहे. शीर्षकगीत रेडिओच्या खरखरीतून उगवते आणि दोन गिटारींच्या संवादावर चालते. ‘शाइन ऑन’च्या शेवटच्या भागात राइट सिंथेसायझरवर ‘सी एमिली प्ले’ची चाल हलकेच वाजवतो. नाव न घेता केलेले एवढे नेमके स्मरण रॉक संगीतात विरळाच आढळेल.

ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जानेवारी ते जुलै १९७५ या काळात झाले. जूनमध्ये, सर्वसाधारणपणे दिल्या जाणाऱ्या तारखेप्रमाणे ५ जूनला, ‘शाइन ऑन’चे काम चालू असताना एक स्थूल, डोके व भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. तो सिड आहे हे जुन्या सोबत्यांना बराच वेळ कळले नाही. कळले तेव्हा वॉटर्सला रडू आवरले नाही. ही घटना चमत्कारासारखी सांगितली जाते, ते टाळावे. रचना वर्षभर आधीच तयार होऊन मंचावर वाजली होती. त्या भेटीने ती घडवलेली नाही.

‘हिप्नोसिस’ संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसनने मुखपृष्ठ योजले. तोही वॉटर्स आणि बॅरेटच्या केंब्रिजच्या शाळेतला. हस्तांदोलन करणाऱ्या दोन सूटधाऱ्यांपैकी एक पेटलेला आहे. कॅलिफोर्नियातील बर्बँक इथल्या चित्रपट स्टुडिओच्या आवारात रॉनी राँडेल या स्टंटमॅनला खरोखर आग लावून हे छायाचित्र टिपले गेले. विक्रीच्या वेळी हे चित्र काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात झाकलेले होते.

अल्बम ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. सुरुवातीच्या काही समीक्षकांना तो निर्जीव वाटला, पण गिलमर आणि राइट यांनी तोच आपला आवडता असल्याचे पुढे सांगितले. वॉटर्सच्या म्हणण्याप्रमाणे ‘शाइन ऑन’ केवळ सिडविषयी नाही. असून नसण्याच्या टोकाला गेलेल्या कुणाचेही तो प्रतीक आहे. हे मान्य केले तरी बॅरेटला निव्वळ प्रतीक करणे अन्यायाचे ठरेल. केंब्रिजला परतून तो रॉजर या मूळ नावाने चित्रे काढत, बाग राखत अखेरपर्यंत शांतपणे जगला. त्याच्या गाण्यांचे मानधन त्याला मिळत राहावे याची काळजी गिलमरने घेतली.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँड आधी वेगळ्या झालेल्या वॉटर्ससह पुन्हा एकत्र आला, तेव्हा शीर्षकगीत सिडला उद्देशून सादर झाले. बॅरेटच्या निधनानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावरही या अल्बममधली गाणी गायली. २०११ च्या विस्तारित आवृत्तीत ‘शाइन ऑन’चे १९७४ मधील वेम्ब्ली येथील अखंड सादरीकरण आणि व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांची साथ असलेले शीर्षकगीत प्रथमच अधिकृतपणे उपलब्ध झाले. वॉटर्सने केलेल्या दुभंगाने काय साधले, हे वेम्ब्लीचे सादरीकरण मूळ अल्बमशेजारी ठेवून ऐकल्यास स्पष्ट कळते.