‘बाष्पीभवन’ शब्दाची घडण व पोथ्यांतील पाठ

पाण्याची वाफ होणें या अर्थीं ‘बाष्पीभवन’ हा शब्द शालेय पुस्तकांतून इतका रुळला आहे कीं, त्याची घडण पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. पोथ्यांच्या संपादनांत मात्र ही उपेक्षा बाधक होते. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

संस्कृतांत ‘बाष्प’ शब्दाचे मुख्य अर्थ दोन : अश्रु व ऊष्मा. अमरकोशाच्या नानार्थवर्गांत ते एकत्रच दिले आहेत. प्राकृतांत अर्थाबरोबर रूपही निराळें झालें. बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या व्याकरणाप्रमाणें अश्रु या अर्थीं ‘बाह’ व ऊष्मा या अर्थीं ‘बप्फ’ असें रूप होतें. मराठी ‘वाफ’, गुजराती ‘बाफ’ व हिंदी ‘भाप’ हीं या दुसऱ्या शाखेचीं अपत्यें होत. सबब आपल्या ‘वाफे’स अश्रूचा अर्थ उरला नाहीं.

आतां उत्तरपद. बाष्प बाहेर टाकणें या अर्थीं पाणिनीनें (३.१.१६) ‘बाष्पायते’ हें रूप सांगितलें आहे. जें पूर्वीं तसें नव्हतें तें तसें होणें, हा अर्थ ‘च्वि’ प्रत्ययाचा (५.४.५०), त्यानें अंत्य अकाराचा ईकार होऊन ‘बाष्पीभवति’ सिद्ध होतें. म्हणजे चुलीवरील हंडा ‘बाष्पायते’, त्यांतील पाणी ‘बाष्पीभवति’. हिंदींत ‘वाष्पीकरण’ रूढ आहे; परंतु करणास कर्ता लागतो. सावलींत वाळणाऱ्या धोतरांतील पाणी कोणीं न तापवितांच वाफ होऊन जातें. तेथें ‘भवन’ हेंच यथार्थ होय.

राहिला आदिवर्ण. हस्तलिखितांत ब आणि व यांची सरमिसळ नित्याची आहे. यामुळें ‘वाष्प’ दिसतांच लेखकाचा प्रमाद समजून संपादक निमूटपणें ‘बाष्प’ छापितात. परंतु वकारादि रूप संस्कृत कोशांतूनही नोंदिलेलें आहे, आणि आपली ‘वाफ’ तर वकारादिच आहे. एवढ्यावरून वकार मूळचा, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र पोथींतील अक्षर न कळवितां बदललें, तर हा निर्णय करण्याचें साधनच पुढील शोधकाच्या हातून जाईल. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, पाठ शुद्ध करावयाचा तर करावा, पण मूळ अक्षर तळटीपेंत अवश्य राखावें.