शिंका थांबल्या तरी नाक चोंदलेलेच का राहते?

सकाळी उठताच सलग शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांना खाज आणि काही तासांनी चोंदलेले नाक. ताप नसताना हा त्रास आठवडेच्या आठवडे सुरू राहिला, तर ती साधी सर्दी नसून नाकाची ॲलर्जी असण्याची शक्यता अधिक असते. सर्दीचे कारण विषाणू. ॲलर्जीत मात्र बाहेरून आलेला कण निरुपद्रवी असतो. दाह निर्माण करतात त्या शरीराच्याच प्रतिकारपेशी.

घरातील धुळीत राहणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव, झुरळांचे अवशेष, बुरशीचे बीजाणू, गाजर गवताचे परागकण हे यातील नेहमीचे कारक होत. त्यांच्याशी सुरुवातीला संपर्क येतो तेव्हा काहीच जाणवत नाही. परंतु संवेदनशील व्यक्तीत याच काळात टी पेशींच्या संकेतावरून बी पेशी 'आयजीई' हे प्रतिपिंड तयार करू लागतात. त्याचा शोध अमेरिकेत इशिझाका दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे लावला. १९६८ साली त्याचे नाव निश्चित झाले.

हे प्रतिपिंड नाकाच्या अंतस्त्वचेतील मास्ट पेशींवर जाऊन बसते. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये या पेशींचे वर्णन केले. कणांनी गच्च भरलेल्या या पेशी भरपूर पोसलेल्या असाव्यात, असे वाटून त्यांनी हे नाव दिले. तर्क चुकला, नाव टिकले. तोच परागकण पुन्हा आला की मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन बाहेर सोडतात. त्याने मज्जातंतू चेतवले जाऊन शिंका येतात, ग्रंथी स्रवू लागतात.

हिस्टामिनविरोधी गोळीने हा पहिला टप्पा बराचसा आवरतो. मात्र तोवर दुसऱ्या टप्प्याची तयारी झालेली असते. साधारणतः चार ते आठ तासांत इओसिनोफिल, बेसोफिल आणि टी पेशी रक्तातून नाकाच्या अस्तरात उतरतात. इओसिनोफिलमधील प्रथिने अस्तराला इजा करतात, सूज टिकून राहते आणि नाक बंद होते. या सुजेवर एकटी गोळी फारशी चालत नाही. म्हणून डॉक्टर नाकात मारावयाचा स्टिरॉइड फवारा देतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस ते दोन आठवडे लागतात. अनेक रुग्ण गुण नाही म्हणून तो दोन-तीन दिवसांतच सोडून देतात आणि नाक त्वरित मोकळे करणाऱ्या थेंबांकडे वळतात. हे थेंब सलग आठवडाभराहून अधिक काळ वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते.

संपर्क वारंवार घडत राहिला, तर अस्तरातील मास्ट पेशी व इओसिनोफिल यांची संख्या वाढते. पुढे अत्यल्प परागकणही त्रासास पुरेसे ठरतात. हंगामाच्या अखेरीस हवेतील पराग कमी झाले तरी शिंका कमी होत नाहीत, त्याचे कारण हेच.

या पेशींची प्रतिक्रियाच बदलू पाहणारा उपचार म्हणजे ॲलर्जी-लस. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून त्याचा आरंभ केला. आज हा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सामान्यतः तीन वर्षे चालतो.