कंत्राटदारांचा करविषयक दर्जा, ब्रिटनमधील

स्वतःच्या मर्यादित कंपनीमार्फत, अथवा मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीमार्फत, दुसऱ्याचे काम करणारी व्यक्ती करआकारणीसाठी नोकर मानावयाची की स्वतंत्र व्यावसायिक, हा ब्रिटिश करविधीतील एक दीर्घकालीन वादाचा विषय आहे. यासंबंधीचे नियम ‘आयआर ३५’ या नावाने ओळखले जातात. नोकराच्या वेतनातून प्राप्तिकर व राष्ट्रीय विमा वर्गणी कापून घेण्यात येते, शिवाय मालकालाही स्वतंत्र वर्गणी भरावी लागते. एप्रिल २०२५ पासून मालकाच्या वर्गणीचा दर १५% आहे. याउलट कंपनीचा मालक असलेला कंत्राटदार स्वतःला अल्प वेतन देऊन उरलेली रक्कम लाभांशाच्या रूपाने घेऊ शकतो. लाभांशावर विमा वर्गणी पडत नाही. साहजिकच एकाच कचेरीत शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांवरील करभार भिन्न होतो. तथापि भरपगारी रजा, आजारपणातील वेतन, अन्याय्य बडतर्फीपासून संरक्षण हे नोकराचे हक्क कंत्राटदाराला मिळत नाहीत. करभार आणि हक्क या दोन बाजूंचा मेळ न बसणे, हेच या प्रश्नाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पार्श्वभूमी : ब्रिटनमध्ये प्राप्तिकर १७९९ मध्ये प्रथम बसविण्यात आला. १८०३ च्या कायद्याने उत्पन्नाची पाच परिशिष्टांत वर्गवारी केली. खाजगी नोकरीचे उत्पन्न १९२२ मध्ये ‘ई’ परिशिष्टात घालण्यात आले आणि व्यवसायाचे उत्पन्न ‘डी’ परिशिष्टात राहिले. १९४४ पासून नोकरांच्या वेतनातून उगमस्थानीच करकपात होऊ लागली. राष्ट्रीय विम्याच्या १९४६ च्या कायद्यानेही नोकर व स्वयंरोजगारी यांचे वेगवेगळे वर्ग ठरविले. अशा रीतीने एखादी व्यक्ती कोणत्या वर्गात मोडते, यावर करभार, खर्चाच्या वजावटी व भरणा करण्याची पद्धत ही सर्वच अवलंबून राहिली. मात्र नोकर कोणास म्हणावे याची सर्वंकष व्याख्या संसदेने केली नाही. ते काम न्यायालयांकडे आले.

या संदर्भात ‘रेडी मिक्स्ड काँक्रीट’ खटल्याचा निर्णय (१९६७) पायाभूत मानला जातो. त्यातील चालकाची मालमोटार कंपनीच्या रंगात रंगविलेली होती आणि त्याला कंपनीचा गणवेशही घालावा लागे. तरीसुद्धा गाडी त्याची स्वतःची असून तिचा खर्च व जोखीम त्याच्याकडे असल्यामुळे तो स्वतंत्र कंत्राटदार ठरला. न्यायमूर्ती मकेना यांनी नोकरीच्या कराराच्या तीन अटी सांगितल्या : मोबदल्याच्या बदल्यात स्वतः काम करण्याचे बंधन, मालकाचे पुरेसे नियंत्रण आणि करारातील इतर कलमांची या दर्जाशी सुसंगती. १९६९ च्या ‘मार्केट इन्व्हेस्टिगेशन्स’ खटल्यात, ती व्यक्ती स्वतःच्या हिशेबावर व्यवसाय करते काय, ही कसोटी पुढे आली. पुढे ‘हॉल विरुद्ध लॉरिमर’ खटल्यात अपील न्यायालयाने, अशा कसोट्यांची यांत्रिकपणे बेरीज न करता समग्र चित्र पाहावे, असे मत दिले. ही लवचिकता न्यायाला पोषक असली, तरी निश्चितता तिच्यामुळे दुरावली.

एजन्सी आणि कंपनी : एजन्सीमार्फत पाठविलेल्या कामगाराचा करार ज्याच्याकडे तो प्रत्यक्ष काम करतो त्याच्याशी नसतो, त्यामुळे त्याला कोणाचाच नोकर म्हणता येत नसे. ही पळवाट बुजविण्यासाठी १९७५ च्या वित्त कायद्याने अशा कामगारांचे उत्पन्न नोकरीचे मानून एजन्सीवर करकपातीची जबाबदारी टाकली. नट, गायक, वादक व मॉडेल, तसेच घरबसल्या काम करणारे यांना त्यातून वगळण्यात आले. मात्र ही तरतूद व्यक्तीला लागू होती, कंपनीला नव्हे. कंपनी ही तिच्या मालकाहून निराळी विधिमान्य व्यक्ती आहे, हे तत्त्व ‘सालोमन’ खटल्यात (१८९७) उमरावांच्या सभेने प्रस्थापित केले होते. परिणामी एजन्सी कंत्राटदारांनी स्वतःची कंपनी काढावी असा आग्रह धरू लागल्या आणि संगणक, अभियांत्रिकी यांसारख्या क्षेत्रांत एकाच माणसाच्या कंपन्यांची संख्या वाढली. करचुकवेगिरीवर उपाय म्हणून केलेल्या कायद्यातूनच नव्या व्यवस्थेला चालना मिळाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आयआर ३५ : अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत इनलँड रेव्हेन्यू या करखात्याने काढलेल्या ३५ क्रमांकाच्या पत्रकावरून हे नाव रूढ झाले. शुक्रवारी नोकरी सोडून सोमवारी त्याच जागी सल्लागार म्हणून परतणारा कामगार हे पत्रकातील नमुन्याचे उदाहरण होते. कर कापण्याची जबाबदारी काम घेणाऱ्या ग्राहकावर टाकण्याचा मूळ विचार विरोधामुळे त्याच वर्षी मागे पडला आणि ती कंत्राटदाराच्या कंपनीवरच आली. नियम ६ एप्रिल २००० पासून अंमलात आले. कंपनी मध्ये नसती व कामगाराने ग्राहकाशी थेट करार केला असता तर तो नोकर ठरला असता काय, असा काल्पनिक प्रश्न विचारावयाचा; उत्तर होकारार्थी आल्यास कंपनीला मिळालेली रक्कम, खर्चापोटी ५% व इतर अनुज्ञेय वजावटी सोडून, वेतन मानावयाची, हे त्यांचे स्वरूप होय. कंत्राटदारांच्या संघटनेने त्यांना न्यायालयात आव्हान दिले. ते अपील न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये फेटाळले.

अंमलबजावणी : स्वतःविरुद्ध निर्णय घेण्याचे काम ज्याचे त्याच्याकडेच असल्याने नियमांचे पालन कमी झाले. त्यातच २००२ ते २००६ या काळात कंपन्यांच्या पहिल्या १०,००० पौंड नफ्यावर निगम कराचा दर शून्य होता. म्हणजे एका हाताने शासन कंपनी काढण्यास उत्तेजन देत होते आणि दुसऱ्या हाताने ती कंपनी नाकारीत होते. २०१२ मध्ये खुद्द सरकारी खाती व संस्था यांतील २,४०० हून अधिक वरिष्ठ व्यक्तींना वेतनपटाबाहेरून मोबदला मिळत असल्याचे कोषागाराच्या पाहणीत आढळून आले. एप्रिल २०१७ पासून सार्वजनिक क्षेत्रात, तर ६ एप्रिल २०२१ पासून मोठ्या व मध्यम खाजगी उद्योगांतही, दर्जा ठरविण्याचे काम ग्राहकाकडे देण्यात आले. खाजगी क्षेत्राबाबतचा बदल कोविडच्या साथीमुळे एक वर्ष लांबणीवर पडला होता. लहान ग्राहकांच्या बाबतीत मात्र जुनीच पद्धत राहिली. जोखीम टाळण्यासाठी अनेक मोठ्या संस्थांनी कंपनीमार्फत येणाऱ्यांना काम देणेच बंद केले. हा निर्णय शासनालाही सोपा गेला नाही. लोकलेखा समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार नियम चुकीच्या रीतीने लागू केल्यामुळे २०२०–२१ मध्ये सरकारी खाती व संस्था यांच्याकडून करखात्याला २६.३ कोटी पौंड येणे होते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे दोन्ही बदल रद्द करण्याची घोषणा केली. त्यांचे उत्तराधिकारी जेरेमी हंट यांनी १७ ऑक्टोबर रोजी ती मागे घेतली.

न्यायनिर्णयांतही एकवाक्यता आढळत नाही. दूरचित्रवाणी निवेदिका क्रिस्टा अ‍ॅक्रॉइड यांच्या कंपनीविरुद्ध २०१८ मध्ये निकाल गेला, तर लॉरेन केली यांच्या बाजूने २०१९ मध्ये लागला. के अ‍ॅडम्स यांच्या कंपनीचा खटला २०१९ पासून चार टप्पे चालून २०२३ मध्ये तिच्या बाजूने संपला. फुटबॉल पंचांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, एकेका सामन्यापुरत्या करारातही परस्पर बंधन व नियंत्रण असू शकते, असा निर्णय देऊन समग्र चित्राच्या तपासणीसाठी तो खालच्या न्यायाधिकरणाकडे परत पाठविला.

मूल्यमापन : आयआर ३५ च्या कक्षेत आलेला कामगार करापुरता नोकर ठरतो, परंतु केवळ त्यामुळे त्याला नोकराचे हक्क प्राप्त होत नाहीत. करविधी कंपनीचा पडदा दूर करून माणसाकडे पाहतो. कामगारविधी बहुधा पडद्यापाशीच थांबतो. या कोंडीतून पुष्कळ कंत्राटदार ‘अम्ब्रेला’ म्हणजे छत्र-कंपन्यांकडे वळले. तेथे ते नोकर होतात व हक्कही मिळवितात. पण मालकाची विमा वर्गणी बहुधा त्यांच्याच कामाच्या ठरलेल्या दरातून वजा होते. काही छत्र-कंपन्यांनी कर बुडविल्यामुळे एप्रिल २०२६ पासून त्याची जबाबदारी एजन्सीवर टाकण्याचे २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. कर व हक्क यांसाठी दर्जाची चौकट शक्य तितकी एकच असावी, अशी शिफारस मॅथ्यू टेलर यांच्या २०१७ च्या अहवालाने केली होती. ती अंमलात न आल्यामुळे नियमांची प्रत्येक दुरुस्ती कर कोणी कापावा एवढ्यापुरतीच मर्यादित राहिली. त्या कराच्या मोबदल्यात कामगाराला काय मिळावे, हा प्रश्न अनिर्णितच राहिला आहे.